लघुउद्योग, सेवाभावी संस्था आणि जनसंपर्काची नवी साधने

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या नव्या वेशभूषेचे प्रदर्शन भरविले. त्यात मांडलेली चामड्याची सपाट पायताणे आणि कोल्हापुरी चप्पल यांतील साम्य आपल्याकडील लोकांच्या तत्काळ ध्यानी आले. कंपनीने मात्र कोल्हापूरचा किंवा भारताचा साधा नामोल्लेखही केला नव्हता. यावर समाजमाध्यमांतून नापसंतीची मोठी लाट उसळली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चर या संस्थेने कंपनीस पत्र लिहिले आणि महिना सरण्यापूर्वीच, या पायताणांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे प्रतिनिधी कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील तत्सम महामंडळ यांच्याशी कंपनीचा करारही झाला.

कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन लाभलेले आहे, म्हणजे कायद्याचे संरक्षण होतेच. तथापि सातासमुद्रापलीकडील कंपनीला उत्तर देण्यास जे आठवड्याभरात भाग पडले, ते सर्वसामान्य लोकांनी आपापल्या मोबाइलवरून उठविलेल्या आवाजामुळे. ही या प्रकरणाची एक बाजू झाली. दुसरी बाजू तेवढीच विचार करण्याजोगी आहे. त्या आठवड्यात पुण्यातील किंवा नागपुरातील एखाद्या गृहस्थाने मनावर घेऊन थेट कारागिराकडूनच एक जोड मागविण्याचे ठरविले असते, तर त्याने तो कोणाकडे मागवावा? ज्या कारागिराचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, मालाची छायाचित्रे व किंमत त्याला घरबसल्या सापडू शकली, त्याचाच तो ग्राहक झाला असता. बाकीच्यांच्या कलेची कीर्ती मिलानपर्यंत पोहोचली, पण तिचा लाभ त्यांच्या उंबरठ्यापर्यंत येण्यास वाट नव्हती.

ही वाट तयार करणे म्हणजे जनसंपर्क. मोठ्या कारखान्यांत व शासकीय खात्यांत या कामासाठी स्वतंत्र अधिकारी असतात. महिलांचा बचत गट, चार मजुरांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना, गावचे ग्रंथालय, आदिवासी मुलांचे वसतिगृह चालविणारी संस्था यांना तसा अधिकारी नेमणे परवडणारे नाही. समाजमाध्यमांमुळे हे काम त्यांच्या आवाक्यात आले आहे. परंतु साधन हाती आले म्हणजे काम साधले असे होत नाही, याचाही अनुभव गेल्या काही वर्षांत पुष्कळांना आला आहे.

जाहिरात आणि जनसंपर्क

जनसंपर्क म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाहिरात उभी राहते. दोहोंत अंतर आहे. जाहिरात ही पैसे देऊन केलेली शिफारस असते व ती एका दिशेने जाते. जनसंपर्कात ज्यांच्याशी आपला व्यवहार आहे त्यांना खरी माहिती वेळेवर देणे, त्यांच्या शंका ऐकणे आणि त्यांना उत्तर देणे हे सारे येते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे जावी लागली. मालात दोष नव्हता, उणीव विश्वासाची होती. आणि ती केवळ किंमत उतरवून भरून निघणारी नव्हती. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. कारखान्याची व त्यातील अवजारांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू. संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनी ते मालाच्या यादीपुरते ठेवले नाही. वाचकाला उपयोगी पडेल, विचारास लावील असा मजकूर त्यात येत गेला आणि १९२९ मध्ये ‘किर्लोस्कर’ हे नाव धारण केलेल्या या मासिकाने महाराष्ट्राच्या वाङ्‌मयीन व सामाजिक जीवनात स्वतःचे स्थान निर्माण केले. आजच्या लहान उद्योजकाने आपल्या पानावर काय लिहावे या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात बरेचसे सापडते. सतत ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्याकडे लोक पाठ फिरवितात. नाचणीचे पीठ विकणाऱ्या गटाने नाचणी भाजावी कशी, आंबील करावी कशी, पीठ किती दिवस टिकते हे सांगितले, तर ते वाचणारी गृहिणी पीठही विकत घेते.

दुसरे उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकली गेली. आरंभीच्या काळात या महिलांनी एक उत्तम व एक स्वस्त असे दोन प्रतींचे पापड काढले होते. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एकाच उत्तम प्रतीचा माल काढावा व दर्जाशी तडजोड करू नये ही पहिली. हिशेब चोख ठेवावा ही दुसरी. तोटा आला तरी देणगीसाठी कोणापुढे हात पसरावयाचा नाही, असा निर्धार त्या महिलांनी केला होता. लोकांच्या परस्परांतील बोलण्यातून व वृत्तपत्रांतील लेखांतून संस्थेची माहिती पसरत गेली आणि सभासद वाढत गेले. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. लिज्जतचा मोठा विस्तार पाहून त्याची वर्तमानपत्री व दूरदर्शनवरील जाहिरातच लोकांना आठवते. त्या जाहिरातीच्या फार आधी झालेल्या या दोन निर्णयांकडे लक्ष जात नाही.

नव्या साधनांचे स्वरूप

समाजमाध्यमे अनेक आहेत व त्यांची नावे ऐकून नवखा माणूस गोंधळून जातो. वस्तुतः लहान गटाने सर्वच माध्यमांवर हजेरी लावण्याचे काही कारण नाही. चार ठिकाणी पाने उघडून सहा महिन्यांत ती ओस पडू देण्यापेक्षा एका ठिकाणी नियमाने असणे श्रेयस्कर.

ग्रामीण भागातील उद्योगाला सर्वांत उपयोगी पडणारे साधन व्हॉट्सॲप होय. कारण ते ग्राहकाच्या हाती आधीच आहे. व्यवसायासाठी त्याचे स्वतंत्र विनामूल्य रूप २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात उद्योगाचे नाव, पत्ता व कामाच्या वेळा नोंदविता येतात. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र व किंमत असलेली यादी लावता येते. आणि आपण कामात असताना आलेल्या संदेशास ठरलेले उत्तर आपोआप जाईल अशी सोय करता येते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. एकाच वेळी अनेकांना संदेश धाडण्याची जी ‘ब्रॉडकास्ट’ यादी असते, तिच्यातील संदेश ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणजे ग्राहकाने आपल्याला आधी ओळखीत घेतलेले असावे लागते. प्रदर्शनात पाकीट विकताना ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, ताई’ असे सांगण्यास जी सदस्या विसरत नाही, तिच्या गटाचे निम्मे काम तेथेच होते. याउलट, न विचारता लोकांना समूहात घालून सकाळ-संध्याकाळ संदेश पाठविणे हा त्रास आहे, आणि त्रास देणाऱ्याचा माल कोणी घेत नाही.

फेसबुकचे पान हे गावाबाहेरील, विशेषतः शहरांत व परदेशांत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास बरे पडते. इन्स्टाग्राम हे मुख्यत्वे छायाचित्रांचे व छोट्या चित्रफितींचे माध्यम असल्याने वस्त्रे, दागिने, मातीची भांडी, वारली चित्रे अशा नजरेत भरणाऱ्या वस्तूंना ते मानवते. यूट्यूबवर कृती दाखविता येते. गूगलच्या नकाशावर दुकानाची किंवा संस्थेची नोंद मोफत करता येते व तीमुळे वाटसरूलाही ठिकाण सापडते. या शेवटच्या साध्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, हे आश्चर्य आहे.

छायाचित्रांविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. गटांच्या पानांवर उद्घाटनाची, फीत कापणाऱ्या पाहुण्यांची व शाल-श्रीफळाची छायाचित्रे विपुल आढळतात. चकलीचे मात्र एकही आढळत नाही. ग्राहकाला पाहुण्यांत रस नसतो. वस्तू सकाळच्या उजेडात, स्वच्छ पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले एक छायाचित्र, त्याखाली वजन, किंमत, टिकण्याचा काळ, मिळण्याचे ठिकाण आणि क्रमांक एवढे पुरेसे असते. भाषा आपली असावी. मालवणी मसाला विकणाऱ्या गटाने मालवणीत चार वाक्ये बोलली तर ती कोणत्याही भाषांतरित जाहिरातीपेक्षा अधिक खरी वाटतात.

प्रसिद्धी पेलण्याची तयारी

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीयनगर भागातील एका वृद्ध दांपत्याच्या लहानशा भोजनालयाची चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसृत झाली. टाळेबंदीमुळे गिऱ्हाईक नाही, म्हणून अश्रू ढाळणारे ते आजोबा लाखो लोकांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारी रांगा लागल्या. मदतीचा ओघ सुरू झाला. परंतु आलेल्या पैशांच्या हिशेबावरून त्यांच्यात व चित्रफीत काढणाऱ्या तरुणात वाद निर्माण होऊन तक्रार पोलिसांपर्यंत गेली. डिसेंबरात मोठ्या हौसेने नवे उपाहारगृह उघडले गेले. गर्दी ओसरली, खर्च भागेना, आणि काही महिन्यांतच ते बंद करून त्यांना जुन्या जागी परतावे लागले. पुढे २०२१ मध्ये त्या दोघांत समेटही झाला.

या घटनेत कोणाला दोष देण्याचा प्रश्न नाही. प्रसिद्धी अकस्मात आली, तिच्यासाठी कोणतीच व्यवस्था तयार नव्हती. पैसे कोणाच्या खात्यावर येणार, त्याची नोंद कोण ठेवणार, आजची गर्दी सहा महिन्यांनी राहील काय, हे विचारण्यास कोणाला उसंतच मिळाली नाही. आपल्याकडील एखाद्या गटाची चित्रफीत उद्या अशीच पसरली तर काय होईल? समजा, महिन्याला साठ किलो शेवया करणाऱ्या दहा बायका आहेत. एका रात्रीत सहाशे किलोंची मागणी आली. ‘नाही’ म्हणणे जिवावर येते, म्हणून सर्व मागण्या स्वीकारल्या जातात, काहींकडून आगाऊ रक्कमही घेतली जाते. मग बाहेरून तयार माल आणून आपल्या पिशवीत भरण्याचा मोह होतो. तो ज्या दिवशी उघडकीस येतो त्या दिवशी, ज्या वेगाने नाव झाले त्याच वेगाने ते जाते. आणि त्यानंतर गटातील प्रत्येक बाईला बाजाराच्या दिवशी गावात तोंड दाखविणे कठीण होते. शहरातील कंपनी नाव बदलून पुन्हा उभी राहू शकते. गावातील गटाला ती सोय नाही. म्हणून पान उघडण्यापूर्वीच गटाच्या बैठकीत महिन्याला जास्तीत जास्त किती माल देता येईल हे ठरवून वहीत लिहावे व त्यापुढील मागणीस ‘पुढील महिन्यात देऊ’ असे स्पष्ट कळवावे. बहुतेक ग्राहक थांबतात.

मालाविषयी काय बोलावे व काय बोलू नये यालाही मर्यादा आहेत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अन्न सुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक असावा लागतो, हे आता बहुतेक गटांना माहीत झाले आहे. परंतु ‘आमच्या पिठाने मधुमेह बरा होतो’, ‘या काढ्याने सांधेदुखी कायमची जाते’ अशी वाक्ये मोबाइलवर सर्रास लिहिली जातात. एखादा खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करण्यास मनाई आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबाइलवरील संदेश म्हणजे खाजगी गप्पा, जाहिरात नव्हे, ही समजूत घातक आहे. त्याचप्रमाणे भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूचे नाव त्या प्रदेशाबाहेरील मालाला लावणे हाही अपराध होय. देवगड हापूसच्या नावाने परप्रांतीय आंबा विकला गेल्याची ओरड दर हंगामात होते, ती उगीच नाही.

सेवाभावी संस्थांची वेगळी जबाबदारी

उद्योगाचा ग्राहक पैसे देतो व वस्तू घेऊन जातो. देणगीदार पैसे देतो आणि त्याच्या हाती काहीच येत नाही. त्याचा पैसा योग्य जागी लागला एवढी माहिती हीच काय ती त्याची वस्तू. म्हणून संस्थेच्या बाबतीत जनसंपर्क हा कामाला जोडलेला अलंकार नसून प्रत्यक्ष कामाचाच भाग ठरतो.

थेंबे थेंबे पैसा गोळा करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा मागून ‘पैसाफंड’ उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमविला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला खेड्यांतील घराघरांतून मूठमूठ धान्य मिळाले. या सर्व ठिकाणी देणाऱ्याची ऐपत अल्प होती आणि मागणारा प्रत्यक्ष दारात उभा होता. आज संस्थेचा कार्यकर्ता दारात येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर एक चौकोनी क्यूआर कोड येतो व क्षणात रक्कम जाते. देणाऱ्याने मागणाऱ्याचा चेहरा पाहिलेला नसतो. ही उणीव कागदपत्रांनी भरून काढावी लागते.

एप्रिल २०२० च्या सुमारास, करोनाच्या साथीत, पंतप्रधान साहाय्य निधीच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातील केवळ एक अक्षर गाळून तयार केलेला बनावट पत्ता फिरू लागला होता व लोकांना त्याबाबत सावध करावे लागले. देशाच्या सर्वोच्च पातळीवरील निधीबाबत असे घडू शकते, तर तालुक्याच्या संस्थेबाबत घडणे किती सोपे! यास्तव संस्थेने आपल्या बँक खात्याचे नाव, नोंदणी क्रमांक व देणगीचा अधिकृत पत्ता आपल्या पानावर कायमस्वरूपी ठेवावा, आणि देणगी कधीही पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नये. हा शेवटचा नियम पाळताना प्रामाणिक माणसांचीच अधिक चुकामूक होते. ‘संस्थेचे खाते तालुक्याला आहे, तोवर माझ्या नंबरावर टाका’ असे ते भाबडेपणाने म्हणतात आणि वर्षाअखेर संशयाचे धनी होतात. आपल्या खात्यातून पैसे फसवणुकीने गेल्याचे ध्यानी येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम वाटेत गोठविण्याची शक्यता अधिक असते.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते व हिशेबतपासणी बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी वर्गणी जमा करावयाची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांना हे कलम तोंडपाठ असते. वर्गणी मोबाइलवरून मागितली म्हणून त्याची गरज संपत नाही. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असून, २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. अमेरिकेतील किंवा आखातातील गावकरी परकीय नागरिक झाला असेल, तर त्याची देणगीही परदेशी ठरते. गावच्या शाळेच्या छपरासाठी परदेशांतील मराठी मंडळींना आवाहन करणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांनी हे आधी तपासून घ्यावे.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र पैशांचा नाही, छायाचित्रांचा आहे. देणगीदाराचे मन द्रवावे म्हणून अनाथ मुलांचे मलीन चेहरे, रुग्णाचे व्यंग, विधवेचे अश्रू पानावर टाकले जातात. त्यामागील हेतू चांगला असेलही. परंतु वसतिगृहातील जी मुलगी आज आठ वर्षांची आहे ती उद्या महाविद्यालयात जाईल, नोकरीसाठी अर्ज करील, तिचे लग्न ठरेल. आणि ‘टाकून दिलेली बालिका’ या मथळ्याखालील तिचे छायाचित्र तेव्हाही कोठेतरी शिल्लक असेल. छापील पत्रक दहा वर्षांत जीर्ण होऊन नाहीसे होते. समाजमाध्यमांवरील चित्र एकदा पसरले की ते संस्थेलाही परत घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रौढ लाभार्थींच्या बाबतीत त्यांची संमती घ्यावी. तीही, ज्याच्याकडून मदत मिळावयाची त्याला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य गरजवंताला क्वचितच होते हे जाणून घ्यावी. मुलांनी लावलेली बाग, त्यांनी काढलेली चित्रे, पाठमोरी बसून अभ्यास करणारी रांग, स्वयंपाकघरातील भाकऱ्यांची चळत हे सारे काम दाखविते आणि कोणाची मान खाली घालावयास लावत नाही. वर्षातून एकदा जमाखर्चाचे एक पान वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत टाकले, तर त्याचा परिणाम दहा करुण छायाचित्रांहून अधिक टिकाऊ होतो.

तक्रार आली तर

माल कितीही चांगला असला तरी कधी पापड मोडतात, कधी लोणच्याला बुरशी येते, कधी पार्सल चुकीच्या गावी जाते. पूर्वी ग्राहक फार तर शेजारणीला सांगे. आता तो सर्वांदेखत लिहितो. अशा वेळी तीन चुका हटकून होतात: उत्तरच न देणे, तक्रार पुसून टाकणे, किंवा गटातील सर्वांनी मिळून त्या ग्राहकावर तुटून पडणे. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण ती पाहणाऱ्या शंभर अनोळखी लोकांना गटाचा स्वभाव कळतो. एका दिवसाच्या आत, त्याच ठिकाणी, सर्वांना दिसेल असे उत्तर द्यावे. चूक असल्यास मान्य करावी. माल बदलून किंवा पैसे परत देऊन तसे पुन्हा तेथेच लिहावे. तक्रार खोटी असल्यास पावती व तारीख देऊन शांतपणे वस्तुस्थिती मांडावी. नातलगांकडून स्वतःच्या मालाची खोटी प्रशंसा लिहवून घेण्याची प्रथा वाढत चालली आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानक प्रसिद्ध केले, यावरून हा प्रश्न किती बळावला आहे याची कल्पना यावी.

गावपातळीवर काय करता येईल

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि ‘उमेद’ अभियान गेल्या दशकाहून अधिक काळ बचत गटांच्या उभारणीचे काम करीत आहेत. प्रदर्शने भरतात, विक्री होते. परंतु प्रदर्शन संपले की ग्राहकाचा व गटाचा संबंध तुटतो. प्रदर्शनातील प्रत्येक खरेदीदाराचा क्रमांक, त्याच्या संमतीने, एका वहीत उतरवून घेण्याची सूचना गटांना दिली, तर या मेळाव्यांचे फळ वर्षभर मिळेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या पानावर गावातील उद्योगांची व संस्थांची नावे, क्रमांकांसह, देण्यास काहीच अडचण नसावी. शिक्षकांना या कामी मोठा वाव आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना मराठीच्या तासाला ‘गावातील एका कारागिराची ओळख दीडशे शब्दांत’ असा निबंध दिला, तर मुलांचे लेखन होते आणि कारागिराला, त्याच्या अनुमतीने, वापरण्याजोगा मजकूरही मिळतो. मात्र गटाचे पान चालविण्याचे काम कायमचे शिक्षकावर किंवा एखाद्या चुणचुणीत मुलावर सोपवू नये. गटातील दोघीजणींनी ते शिकून घेतलेच पाहिजे.

असे म्हणण्यास कारण आहे. बहुतेक गटांचा विक्रीचा क्रमांक कोणाच्या तरी मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर असतो. पान त्यानेच उघडलेले, पासवर्ड त्यालाच ठाऊक. तो नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जातो, सिमकार्ड सोबत नेतो किंवा बदलतो, आणि चार वर्षांत जोडलेले पाचशे ग्राहक एका दिवसात गटाला दुरावतात. रिचार्ज न केलेला क्रमांक काही काळाने बंद होतो व पुढे दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो; मग जुन्या गिऱ्हाइकांचे संदेश एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून गटासाठी स्वतंत्र क्रमांक घ्यावा, तो अध्यक्षा किंवा सचिव यांच्या नावे असावा व त्याच्या रिचार्जचा खर्च गटाच्या हिशेबात दाखवावा. फेसबुकच्या पानावर किमान दोन व्यवस्थापक नेमावेत. व्हॉट्सॲपची सहा अंकी पिन व सर्व पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, गटाच्या शिक्क्यासह ठरावाच्या वहीसोबत ठेवावेत आणि पदाधिकारी बदलतील तेव्हा बँकेतील सह्यांबरोबर तेही बदलून घ्यावेत.